झेरॉक्सताईची तिसरी पायरी

पाणी खात्याच्या रेकॉर्ड विभागात तिला सगळे झेरॉक्सताई म्हणत, आणि ती दर वेळी चिडत असे. झेरॉक्सच्या मशीनवर ती होती, नाही असं नाही. पण त्याला किती काळ लोटला! मशीन भंगारात गेलं, ते जिथे उभं असायचं तो कोपरा पार्टिशन घालून साहेबांच्या केबिनने गिळला, आणि ताई तिथून स्कॅनरवर, स्कॅनरवरून कॉम्प्युटरवर आली. नाव मात्र मशीनपाशीच राहिलं. "अहो, मी आता इंडेक्सिंग करते," असं ती नव्या माणसाला आवर्जून सांगायची. नवा माणूस "हो का?" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी दारातूनच हाक मारायचा, "झेरॉक्सताई, जरा बघता का?"

खात्याने कागद बंद करायचं ठरवलं त्या सुमारास विभागाच्या भिंतीवर एक तक्ता लागला. 'कौशल्याची शिडी' असं वर मोठ्या अक्षरांत, आणि खाली टाय लावलेला एक गुळगुळीत माणूस शिडी चढतोय. विभागात टाय लावणारा एकही माणूस नव्हता, आणि निम्म्याहून जास्त तर बायकाच होत्या. पण चित्र तयार मिळालं होतं. शिडीला पायऱ्या चार. पहिल्या पायरीवरचा कागद स्कॅन करतो. दुसऱ्या पायरीवरचा त्याला नाव, विषय, तारीख चिकटवून कॉम्प्युटरच्या कपाटात लावून ठेवतो. ताई तिथे होती. तिसऱ्या पायरीवरचा नियंत्रक. कुठला कागद कोणी बघायचा, कुठला किती काळ ठेवायचा आणि कुठला कायमचा पुसायचा, हे त्याने ठरवायचं. चौथ्यावर सल्लागार. सल्लागार काय करतो हेही तक्त्यावर छापलं होतं, पण ते वाचून कोणाच्याच डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

खरी गोम तक्त्यावर नव्हती. ती अशी, की खालच्या दोन पायऱ्या कंत्राटी होत्या. दरवर्षी करार संपायचा आणि दरवर्षी ताई महिनाभर साहेबांच्या तोंडाकडे बघत बसायची, की साहेब आज हसले की नाही, आणि हसले तर कोणाकडे बघून. तिसरी पायरी म्हणजे कायमची नोकरी. तिथे पोचलं की साहेब हसोत नाहीतर रडोत. एवढ्यासाठी ताईने टायवाल्याच्या मागोमाग ती शिडी चढायला घेतली होती, आणि आपण चढणार याची तिला खात्री होती. तिच्यात नम्रपणा फारसा नव्हता. असायचं कारणही नव्हतं. विभागात तिच्याइतक्या झपाट्याने कोणाचाच हात चालत नसे, आणि हे ती स्वतःच सांगायची.

शिकवायला बाहेरच्या कंपनीच्या प्रशिक्षक मॅडम आल्या. आवाज गोड, चपला महाग. पहिल्याच तासाला म्हणाल्या, "पहिल्या पायरीवरचा माणूस कागद बघतो. दुसऱ्या पायरीवरचा कागद वाचतो. तिसऱ्या पायरीवरचा कागदाबद्दलची माहिती वाचतो. कागद नाही."

स्कॅनरवरून नुकत्याच वर आलेल्या टकलूने हात वर केला. "मग मॅडम, तिसऱ्या पायरीवर कागद वाचायचा कोणी?"

"हा प्रश्न," मॅडम हसून म्हणाल्या, "दुसऱ्या पायरीचा आहे."

सगळे हसले. टकलूही हसला, आणि त्याने तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. ताईने मात्र वाक्य मनात पक्कं बसवलं. तिला वाचायची खोड होती. एखाद्या म्हातारीचा अर्ज हातात आला की नाव-तारखेचं काम क्षणात व्हायचं आणि उरलेला वेळ म्हातारीच्या टाकीत, टाकीतल्या गाळात आणि गाळाला जबाबदार असलेल्या जावयात जायचा. ही खोड मोडायची असं तिने ठरवलं. कार्यालयात मोडली. मग घरीही सराव सुरू झाला.

सासूबाईंनी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे धरली. "काय लिहिलंय बघ ग."

"प्रकार वैद्यकीय. विषय गुडघा. पुढच्या भेटीपर्यंत जपून ठेवायची."

"गोळी जेवणाआधी की नंतर?"

"ते आत असेल."

"मग आत बघ ना! का त्याला वेगळी बाई ठेवलीय?"

नवरा ताटावरून मान वर न करता म्हणाला, "आई, ती आता तिसऱ्या पायरीची तयारी करतेय. तिला आतलं दिसत नाही." दिवसभर दुकानादुकानांत माल पोचवून दमलेला माणूस, एवढा एक टोला मारून तो पुन्हा जेवायला लागला. ताईला राग आला, पण थोडा अभिमानही वाटला. दिसत नव्हतं, हे खरंच होतं.

त्याच दिवसांत गल्लीतलं पाणी आटायला लागलं. आधी धार बारीक झाली, मग करंगळीएवढी, मग नळ नुसता खाकरायचा. बायका बादल्या घेऊन एकमेकींच्या नळांना कान लावून बसायच्या. शेवटी शिवणवाल्या काकूंच्या ओट्यावर सगळे जमले. काकूंचं शिवणयंत्र ओट्यालगतच्या खोलीत. त्यांच्या तोंडात टाचण्या असायच्या, तरी बोलणं थांबायचं नाही.

"ऑफिसवाली आहे ना आपल्यात," काकू म्हणाल्या. "ती लिहील. चांगलं ठणकावून, त्यांच्याच भाषेत."

ताईने लिहिलं. आणि काय लिहिलं! 'उपरोक्त विषयान्वये', 'वारंवार निदर्शनास आणूनही', 'नागरिकांच्या आरोग्यास बाधा पोहोचत असून'. गल्लीतल्या कोणालाही ते धड समजलं नाही, त्यामुळे सगळ्यांना फार आवडलं. मग खाली सगळ्यांनी सह्या करायच्या असं ठरत होतं, तेवढ्यात काकूंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"एक अर्ज दिला तर तो एका फायलीत मरतो. घरोघरचा वेगळा द्या. मारून मारून किती मारतील?"

हे पटलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून मजकुराच्या प्रती काढून आणल्या. खाली रिकाम्या जागेत ज्याने त्याने आपल्या हाताने नाव, घर क्रमांक, सही, नाहीतर अंगठा. दुसऱ्या दिवशी गल्ली मोर्चासारखी खात्याच्या आवक खिडकीवर गेली. रांगेत पहिल्या सासूबाई. त्या कुठेही रांगेत पहिल्याच असतात. कसं जमतं ते आजवर कोणाला कळलेलं नाही. ताई त्या वेळी वर प्रशिक्षणात होती. खिडकीतून खालचा गलका तिला ऐकू आला आणि तिला बरं वाटलं.

पुढल्या आठवड्यात तिसऱ्या पायरीची परीक्षा होती.

परीक्षा कागदावर नव्हती, अर्थातच. मॅडमनी प्रत्येकाला नुकत्याच आलेल्या टपालाची एकेक मोठी बॅच दिली आणि काम सांगितलं: एकसारखे दस्तऐवज शोधा, त्यातला सगळ्यात आधी आलेला ठेवा, बाकीचे पुसायच्या पेटीत टाका. जुळवाजुळवीचं डोकं यंत्रच चालवतं. ते दोन कागदांचा छापील मजकूर ताडून बघतं आणि जुळणी टक्क्यांत सांगतं. हाताने लिहिलेलं त्याला वाचता येत नाही, म्हणून तेवढं ते सोडून देतं. हे मॅडमनी सांगितलं होतं, आणि सगळ्यांनी उतरवूनही घेतलं होतं. ज्याची बॅच सगळ्यात हलकी होईल तो पुढे.

ताईसमोर यादी उघडली. कागद नाहीत, कागदांची यादी. विषय: पाणीपुरवठा तक्रार. जुळणी: शंभर टक्के. खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच. आवक खिडकीवरचा माणूस बटणं दाबून दमतो आणि तोच अर्ज दहादा चढवतो, हे तिला माहीत होतं. तिने मनातल्या मनात त्याला एक शिवी दिली, पहिली ओळ सोडून बाकी सगळ्यांवर एकदम खूण केली आणि पेटीत ढकललं. शेजारी टकलू अजून एकेक ओळ न्याहाळत होता. ताई उठून पाणी प्यायला गेली.

तिचा निकाल सगळ्यांत वर लागला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, ही गोष्ट आजवर झालेली नव्हती. "बॅच एकदम स्वच्छ!" ते म्हणाले. "आता एकच राहिलं. सोमवारी पुसायच्या यादीवर अंतिम सही करायची. नियंत्रक म्हणून तुमची पहिली सही. ती झाली की पेटी रिकामी, आणि तुम्ही कायम."

ताईने घरी सांगितलं. मग गल्लीत सांगितलं. सोमवारपर्यंत थांबायला हवं होतं, पण थांबणं हा तिचा विषय नव्हता.

गुरुवारी सकाळी खात्याचा फिटर दारात आला. खांद्यावर पिशवी, हातात पाना, चेहऱ्यावर दुनियेवर उपकार केल्याचा भाव. सासूबाईंचं नाव विचारलं, घर क्रमांक विचारला आणि दारापुढची फरशी उखडली. दुपारपर्यंत मोठ्या रस्त्याच्या लाइनवरून घरापुरती नवी नळी, नवा कॉक, आणि नळाला अशी धार की बादली हादरली. सासूबाई ओट्यावर उभ्या राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगंबाई, पुरे पुरे, वाहून चाललं!"

ताईने त्या दिवशी अर्धी रजा टाकली होती. ती बाहेर आली तेव्हा फिटर पिशवी आवरत होता आणि बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या.

"पुढचं घर कधी घेताय?" ताईने विचारलं.

"कुठलं पुढचं?"

"अहो, सगळ्या गल्लीला पाणी नाही."

"तसं काही नाही आमच्याकडे," फिटर म्हणाला. "तक्रार एक, तक्रारदार एक. ही एकच आलीय इथून. बाकीच्यांना त्रास असता तर त्यांनीही दिली असती की!" आणि सायकलवर टांग टाकून गेला.

शिवणवाल्या काकू हळूहळू चालत आल्या. आज तोंडात टाचण्या नव्हत्या.

"व्वा," त्या म्हणाल्या. "अर्ज सगळ्यांचे, नळी तुझी."

"काकू, काहीतरी घोटाळा झालाय. ऑफिसचं काम टप्प्याटप्प्याने असतं..."

"हो ना. पहिला टप्पा ऑफिसवालीच्या घरी. कायम झालीस म्हणे? झालीस तर झालीस. आम्हाला आधी सांगायचंस, आम्ही उगाच अंगठे काळे केले."

"मी असं करीन असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय वाटायचंय? नळ बघ ना तुझा. तोच बोलतोय."

ताईला रडू यायच्या आधी राग येतो. ती तडक कार्यालयात गेली, ती आवक खिडकीवरच्या माणसाची सालटी काढायच्या तयारीने. "तुम्ही आमच्या गल्लीचे अर्ज चढवलेच नाहीत!" तो बिचारा डबा खात होता. त्याने तोंडातला घास तसाच ठेवून आवक नोंद उघडली आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. सगळे चढवले होते. एकेक करून, हाताने, न चुकता. "पुढे काय झालं ते वर विचारा," तो म्हणाला. "वर तुम्हीच ना?"

ताई वर गेली आणि आपल्या जागेवर बसली. मग पुसायची पेटी उघडली, आणि परीक्षेच्या तयारीला लागल्यापासून पहिल्यांदाच, यादी बाजूला सारून एक कागद उघडला.

'उपरोक्त विषयान्वये.' तिचंच वाक्य. तिचाच स्वल्पविराम, चुकीच्या जागी पडलेला. आणि खाली शिवणवाल्या काकूंचं नाव, टाके घातल्यासारखं ठसठशीत. पुढचा कागद उघडला: वरचा मजकूर तोच, खाली कोपऱ्यावरच्या न्हाव्याची लफ्फेदार सही. पुढचा: पलीकडच्या आजीबाईंचा अंगठा, शाई जास्त झाल्याने पसरलेला, आणि शेजारी नातीच्या अक्षरात घर क्रमांक. प्रत्येक अर्जात माणूस तेवढा खालच्या दोन बोटं रिकाम्या जागेत होता. यंत्राने नेमकी तीच जागा सोडून दिली होती, आणि यंत्राचं ठीक आहे, त्याला वाचता येत नाही. तिला येत होतं. तिने गल्लीला एक माणूस करून टाकलं होतं, आणि तो माणूस तिची सासू होती.

ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. खुर्ची तिने स्वतःच घेतली.

"ते एकसारखे नाहीत, साहेब. पेटीतले. ते परत काढायचेत."

"मजकूर एकच आहे ना?"

"मजकूर एक आहे. माणसं वेगळी आहेत."

"ताई," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले, "माणसांचं खातं वेगळं असेल कुठेतरी. आपलं खातं मजकुराचं आहे."

"माझ्याच गल्लीचे अर्ज आहेत. मीच लिहिलेत."

साहेब दचकले. मग त्यांनी दार लावून घेतलं. "हे मला सांगितलंत, आणखी कुणाला सांगू नका. स्वतः लिहिलेले अर्ज स्वतःच पुसलेत हे बाहेर गेलं तर हसतील लोक. हे बघा, परत काढले तर बॅच पुन्हा उघडते. गुण पुन्हा मोजले जातात. तुमची बॅच आहे त्याहून जड होईल. पायरी जाईल. सोमवारी सही करा, कायम व्हा, आणि मग गल्लीला सांगा पुन्हा अर्ज द्यायला. काय बिघडतं?"

बोलणं वाकडं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ताई विचार करत घरी गेली. काकूंच्या दारात थांबली आणि सगळं सांगून टाकलं: यंत्र, टक्के, पेटी, सोमवार. काकू मान खाली घालून शिवत राहिल्या. कापड संपल्यावर त्यांनी मान वर केली.

"म्हणजे तूच पुसलंस."

"हो."

"न वाचता."

"हो."

"आणि याचीच परीक्षा होती?"

"हो."

"त्यात पहिली आलीस."

ताईने खाली पडलेली टाचणी उचलून शिवणयंत्रावर ठेवली.

"मग आता पुन्हा अर्ज दिले," काकूंनी विचारलं, "तर तिथे बसलेली बाई वाचेल का?"

तिथे बसलेली बाई ती स्वतःच असणार होती, आणि नियम तेच असणार होते. यंत्र तेच टक्के दाखवणार. नवी आली म्हणून तिच्या याद्या साहेब स्वतः तपासणार. पुन्हा दिलेले अर्ज पुन्हा एक होणार, आणि पहिल्या बहुधा सासूबाईच असणार.

शुक्रवारी ती जागेवर बसली आणि पेटीतले कागद परत काढायला लागली. एका खुणेत सगळे निघाले असते. आत गेले होते तसेच. पण तसे काढले तर यंत्र पुढच्या फेरीत पुन्हा त्यांना गोळा करणार होतं. म्हणून तिने एकेक कागद उघडला, तक्रारदाराच्या रिकाम्या चौकटीत नाव लिहिलं, घर क्रमांक लिहिला, आणि परत पाठवला. दुसऱ्या पायरीचं काम. न्हाव्याची सही लागेना म्हणून त्याला फोन केला, तो म्हणाला, "माझं नाव सरकारी कामात खरं लिहायचं का?" ती म्हणाली, "सांग रे बाबा, एकदाचं." दुपारी स्क्रीनवर पाटी आली: बॅच पुन्हा उघडली आहे, गुण नव्याने मोजले जातील, पुढे जायचं का? ताईने आधी पाटीला आणि मग पाटी बनवणाऱ्याला शिव्या दिल्या, आणि 'हो' दाबलं.

मॅडमचा अहवाल साध्या भाषेत होता. 'उमेदवार मेहनती आहे. मात्र एकसारखे दस्तऐवज ओळखण्यात अडचण येते. पुढील वर्षी पुन्हा प्रयत्न करावा.' तिसरी पायरी टकलूला मिळाली. त्याने पेढीवरच्या शेठजीसारखा चेहरा करून पहिली सही केली आणि मग हळूच तिच्या टेबलाशी आला. "झेरॉक्सताई, ते अर्ज मी आता एकत्र करू शकत नाही ना?"

"नाव वेगळं आहे प्रत्येकाचं. करून तर बघ."

"नाही, नुसतं विचारलं," तो म्हणाला आणि गेला.

साहेबांनी करार वाढवला, वर्षभराचा. वाढवताना हसले नाहीत.

एका गल्लीतून एवढ्या तक्रारी एकदम दिसल्यावर मात्र वरच्या मजल्यावर कुठलासा लाल दिवा लागला असावा. महिन्याभरात खोदणारे आले. मुख्य नळ गल्लीच्या तोंडाशी फुटला होता, तो बदलला. कोणी विचारलं नाही की अर्ज कुठे गेले होते आणि कसे परत आले. न्हावी सगळ्यांना सांगत होता की त्याच्या दुकानात एक मोठा अधिकारी दाढी करायला येतो, त्याच्या कानावर आपण घातलं होतं. काकूंनी त्याला उलट उत्तर दिलं नाही, ताईचीही बाजू घेतली नाही. फक्त ताईच्या ब्लाउजची मजुरी घेतली नाही, आणि ब्लाउज घट्ट शिवला.

पाणी आलं त्या सकाळी सासूबाई आपल्या नळाखाली बादली लावून बसल्या होत्या.

"का ग," त्या म्हणाल्या, "झालीस का कायम?"

"नाही."

"मग आता काय आहेस?"

"दुसरी पायरी. होते तिथेच."

"आणि शेजारी आलं का पाणी?"

"आलं. सगळीकडे आलं."

सासूबाईंनी नळ पूर्ण उघडला, डोकं वाकडं करून धारेकडे बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "आपलं बारीक झालंय."